न पाहिलेल्या मुंबईचा इन्स्पेक्टर

दिवाळी आणि खून यांचे नाते मोठे मजेदार आहे. दचकू नका, मी कागदावरच्या खुनाबद्दल बोलतो आहे. पहाटेचे अभ्यंगस्नान आटोपले, देवदर्शन झाले, फराळाचे ताट पुढे आले, की मराठी घरातली निम्मी मंडळी दिवाळी अंक उघडून आधी रहस्यकथा कोणत्या पानावर आहे ते पाहतात. इकडे दाताखाली चकली मोडते, तिकडे दिवाणखान्यात प्रेत सापडते, आणि घरात सर्वत्र आनंदीआनंद असतो! बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या वाचल्या कोणी? आपल्याच आईवडिलांनी. झुंजार आणि काळापहाड ही मंडळी तेव्हा घरच्या पाहुण्यांइतकी ओळखीची होती. ‘असली पुस्तके वाचून डोके बिघडते’ असे मुलांना बजावणारे वडीलच वाचनालयात जाऊन पुढच्या पुस्तकासाठी नंबर लावून येत.

तेव्हा यंदा या सदरात आपण एका खुनाचाच समाचार घेऊ. हा खून लिहिला एका इंग्रजाने, तो घडला मुंबईत, आणि त्याचा तपास केला एका मराठी इन्स्पेक्टरने. पुढे त्यावर चित्रपटही निघाला. गंमत अशी की, ज्याने हा इन्स्पेक्टर जन्माला घातला, त्याने तोवर मुंबई डोळ्यांनी पाहिलीच नव्हती!

पण त्याआधी इंग्रजी रहस्यपटांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या वेळी पुण्यात इंग्रजी चित्रपट पाहायचा म्हणजे पेठेतून सायकल हाणीत कॅम्पात जायचे, वेस्ट एंड नाहीतर एम्पायर गाठायचे. भाषा निम्मी कळे, निम्मी शेजारच्याला विचारून घ्यावी लागे. पण रहस्यपट असला म्हणजे भाषेवाचून फारसे अडत नसे. दार करकरले, जिन्यावर पावले वाजली, की सदाशिव पेठ काय आणि लंडन काय, काळजाचा ठोका सारखाच चुकतो.

ब्रिटिश रहस्यपटांची एक जुनी चाल होती. चांगली कादंबरी घ्यायची आणि तिला पडद्यावर मोकळे सोडायचे. जॉन बकनच्या कादंबरीवरून हिचकॉकने १९३५ साली ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ काढला. एथेल लीना व्हाइट या बाईंच्या कादंबरीवरून त्यानेच १९३८ साली ‘द लेडी व्हॅनिशेस’ काढला. पण मला विचाराल तर या जातीचा सर्वांत गोड नमुना म्हणजे १९४६ सालचा ‘ग्रीन फॉर डेंजर’. मूळ कादंबरी क्रिस्टियाना ब्रँड यांची, दिग्दर्शक सिडनी गिलियट. युद्धाचे दिवस आहेत, वरून बॉम्ब पडताहेत, आणि खेड्यातल्या इस्पितळात एक पोस्टमन शस्त्रक्रियेच्या टेबलावर मरतो. तपासाला येतो इन्स्पेक्टर कॉकरिल. ही भूमिका अॅलिस्टर सिम या नटाने केली आहे. हा कॉकरिल मोठा मिस्कील प्राणी. दुसऱ्यांची त्रेधा उडालेली पाहून तो मनातल्या मनात हसतो, आणि शेवटी त्याचीच अशी फजिती होते की वरिष्ठांकडे राजीनामा धाडण्याची पाळी येते. खुनी कोण ते मी सांगणार नाही. तो चित्रपट अजून पाहायला मिळतो. सांगायचे ते एवढेच, की पडद्यावरचा पोलीस चुकू शकतो, त्यालाही वरिष्ठ असतात आणि त्यालाही लाज वाटते, हे त्या चित्रपटाने दाखवले.

आपल्याकडच्या निर्मात्यांनीही या इंग्रजी दुकानातून पुष्कळ माल उचलला. हेमंतकुमार यांचा १९६२ सालचा ‘बीस साल बाद’ पाहा. शेरलॉक होम्सचा बास्करव्हिलचा शिकारी कुत्रा त्यात वेष पालटून आला आहे. त्यांच्याच १९६४ सालच्या ‘कोहरा’मध्ये ‘रिबेका’ आली. त्याच वर्षी आपल्या राजा परांजपे यांनी मात्र ‘आशा परत येते’ या मराठी कादंबरीवरून ‘पाठलाग’ काढला, आणि तो इतका रंगला की १९६६ साली हिंदीवाल्यांनी त्याचा ‘मेरा साया’ केला. म्हणजे उसनवारी करणाऱ्यांच्या त्या गर्दीत निदान एक कर्ज आपण दुसऱ्याला दिले, म्हणायचे!

आणि नेमक्या त्याच १९६४ साली लंडनमध्ये एक इंग्रज लेखक आपल्याकडून उसने घेऊन मोकळा झाला होता. त्याने आपल्याकडचा एक माणूसच उचलला. लेखकाचे नाव एच. आर. एफ. कीटिंग. कादंबरीचे नाव ‘द परफेक्ट मर्डर’. आणि माणूस म्हणजे मुंबईच्या सी. आय. डी.तले इन्स्पेक्टर गणेश घोटे.

कीटिंगसाहेबांना एकाएकी भारताचे प्रेम का आले? कारण अगदी व्यावहारिक होते. त्यांच्या आधीच्या रहस्यकथा अमेरिकेतले प्रकाशक घेईनात. म्हणत, ह्या फारच इंग्रजी आहेत. आता इंग्रजाने लिहिलेली कथा इंग्रजी नसावी, तर ती कशी असावी? तेव्हा त्यांनी ठरवले की गोष्ट दूर कुठेतरी न्यायची, आणि बोट पडले ते हिंदुस्थानच्या नकाशावर. मग पुस्तके, वर्तमानपत्रे, नकाशे जमवून लंडनमधल्या आपल्या घरात बसून त्यांनी मुंबई उभी केली.

बारशाची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. पहिल्यांदा त्यांनी नायकाचे नाव ठेवले होते घोष. कोणा जाणत्याने सांगितले, अहो, घोष बंगाली, मुंबईच्या पोलिसात हा कुठला? तेव्हा अक्षरे थोडी हलवून घोषचा घोटे झाला, आणि एका रात्रीत बंगाली बाबूचा मराठी माणूस बनला! पण गडबडीत बायकोचे नाव बदलायचे राहिले. ते बंगाली वळणाचे प्रोतिमाच राहिले. पुढे लेखकाने ही गाठ मोठ्या खुबीने सोडवली. प्रोतिमाबाई खरोखरच बंगाली ठरल्या, आणि १९९९ सालच्या एका कादंबरीत त्यांना कलकत्त्याचे वडिलोपार्जित घर मिळाले म्हणून नवराबायको तिकडे गेले. म्हणजे लेखणीच्या एका घसरणीतून आंतरप्रांतीय विवाह जुळला. आपल्याकडे असे विवाह जुळवायला केवढ्या खटपटी लागतात!

आता कथेकडे वळू. एका बड्या धनिकाच्या घरी त्याचा म्हातारा पारशी सेक्रेटरी डोक्यात घाव बसून पडला आहे. त्याचे नाव मिस्टर परफेक्ट. म्हणून हा ‘परफेक्ट मर्डर’. पण मिस्टर परफेक्ट मेलेले नाहीत! ते बेशुद्ध आहेत, श्वास चालू आहे, आणि प्रकरणाला खून म्हणावे की नाही, हे त्यांच्या श्वासावर अवलंबून आहे. घोट्यांना वाटते, हा म्हातारा जगला तर बरे. तो गेला तर आपल्या नोकरीचेही काही खरे नाही. धनिकाचे घर किल्ल्यासारखे बंद. वर डी. एस. पी. सामंत यांचा धाक. आणि एवढ्याने भागले नाही म्हणून मंत्रिमहोदयांच्या टेबलातून एक रुपयाची नोट नाहीशी झाली आहे, तिचाही तपास घोट्यांनीच करायचा! याशिवाय मुंबई पोलिसांची कार्यपद्धती अभ्यासायला आलेला एक उंचनिंच स्वीडिश गृहस्थ सारखा त्यांच्या पाठीशी उभा. घरी बायको तिष्ठत बसली आहे. घोटे तरी काय काय करणार?

या कादंबरीला ब्रिटनच्या रहस्यकथाकारांच्या संस्थेचा ‘गोल्ड डॅगर’, म्हणजे सोन्याचा खंजीर, हा मान त्या वर्षी मिळाला. लेखकाने मग घोट्यांना सोडले नाही. वीसांहून अधिक कादंबऱ्या त्यांच्यावर लिहिल्या. अशी दहाएक वर्षे गेल्यावर एअर इंडियाला कळले की मुंबई न पाहता मुंबईवर लिहिणारा एक लेखक लंडनमध्ये आहे. कंपनीने त्याला तिकीट देऊ केले, आणि कीटिंगसाहेब प्रथमच घोट्यांच्या गावी उतरले. १९७६ साली त्यांनी घोट्यांना थेट मुंबईच्या सिनेमाच्या दुनियेत नेऊन सोडले. त्या कादंबरीचे नाव ‘फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे’. २००० साली घोट्यांना निरोप द्यायचा त्यांनी विचार केला, पण पात्रच ऐकेना. २००८ साली ते पुन्हा हजर. लेखक २०११ साली वारला.

होम्स, पायरो, मिस मार्पल ही मंडळी हुशारीने घोट्यांच्या कितीतरी पुढे आहेत. पण त्यांच्यामागे संसार नाही. होम्सला कधी कुणी विचारीत नाही की येताना भाजी आणलीत का? पायरोला वरिष्ठांचा मेमो येत नाही. घोट्यांना हे सगळे आहे. ते घाबरतात, शब्द गिळतात, रागावायचे तेव्हा रागावत नाहीत आणि मग रात्री त्याचा विचार करीत बसतात. पण हातातले काम मात्र सोडत नाहीत. असा माणूस कीटिंगसाहेबांना लंडनमध्ये बसून कसा सापडला, हे एक रहस्यच आहे. माझा तर्क असा की, त्यांना मुंबई ठाऊक नव्हती, पण नोकरदार माणूस ठाऊक होता. वरून दट्ट्या आणि घरून वाट पाहणे, या दोहोंच्या मध्ये सापडलेला माणूस कोणत्याही शहरात भेटतो.

चित्रपट निघाला तो १९८८ साली. मुंबईतच जन्मलेले इस्माइल मर्चंट आणि त्यांचे भागीदार जेम्स आयव्हरी यांची ‘मर्चंट आयव्हरी’ ही संस्था त्यामागे होती. दिग्दर्शक झफर हाय, आणि पटकथा लिहिण्यात स्वतः कीटिंग. छायाचित्रणाला ‘झोर्बा द ग्रीक’साठी ऑस्कर मिळवणारे वॉल्टर लासली. घोट्यांचे काम नसीरुद्दीन शाह यांचे. हा नट आपल्या पुण्याच्या चित्रपट शिक्षणसंस्थेत शिकलेला, म्हणजे प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या त्याच संस्थेत. घोट्यांच्या पत्नीचे काम रत्ना पाठक यांचे, त्या नसीरुद्दीन यांच्या खऱ्याही पत्नी. कादंबरीतल्या धनिकाचे नाव चित्रपटात लाला हिरालाल झाले आहे. तो अमजद खान यांनी असा काही रंगवला आहे की ‘शोले’तला गब्बर हाच का, असे वाटावे. मधुर जाफरी लालाची पत्नी, आणि स्वीडिश पाहुणा म्हणून स्टेलन स्कार्सगार्ड, जे पुढे हॉलिवूडमध्ये नावाजले.

हा चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला. नातवाने घरच्या पडद्यावर लावून दिला, आणि मी मुद्दाम शेजारच्या नानांना आणि काकूंना बोलावून आणले. नाना निवृत्त फौजदार. पंच्याऐंशी उलटली, पण अजून खुर्चीत बसतात ते भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून.

पहिली पंधरा मिनिटे नाना नुसते खाकरत होते. मग म्हणाले, “अहो, हा घरीदारी सगळ्यांशी इंग्रजीत बोलतो! मी जर आमच्या हवालदाराशी असं बोललो असतो ना, तर त्यानं मला येरवड्याला वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं असतं.”

“आणि बायकोशीसुद्धा इंग्रजीत भांडतात,” काकू म्हणाल्या. “इंग्रजीत भांडून कधी समाधान व्हायचंय का?”

आक्षेप खरा आहे. मुंबईचे रस्ते खरे, घामाने डबडबलेला घोटे खरा. पण त्याच्या तोंडातून मराठीचा एक सूर निघाला असता तर तो आणखी जवळचा वाटला असता. मूळ कादंबऱ्यांतही कीटिंगसाहेब आपल्या लोकांच्या तोंडी एक ठरावीक मोडकीतोडकी इंग्रजी घालतात. ती वाचून काहींना हसू येते, काहींना राग. मला दोन्ही येतात. आपल्या माणसाला दुसऱ्याने हसावे आणि आपण हसावे, यात फरक आहेच.

पण पुढे एका प्रसंगी घोटे वरिष्ठांपुढे उभे राहतात. एक शब्द उलट बोलत नाहीत, फक्त मानेचा काटा थोडा खाली जातो. नाना एकदम पुढे सरसावले. “हां! हे मात्र बरोबर आहे. असंच उभं राहायचं. तोंडानं ‘येस सर’, आणि मनात दुसरंच.”

“दुसरं काय?” मी विचारले.

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या ठाण्यात दोन चोऱ्या नोंदल्या गेल्या. एक होती गावातल्या एका बड्या गृहस्थांचं फाउंटन पेन. दुसरी, वाड्यात एकटी राहणाऱ्या एका विधवा बाईंचा तांब्याचा बंब. नवऱ्याच्या मागे राहिलेली तेवढीच काय ती जड वस्तू. वरून हुकूम आला, सगळ्यांनी पेनाच्या मागे लागायचं. बंबाचं नंतर बघू. मी ‘येस सर’ म्हणालो.”

“मग?”

“मग दिवसा पेन शोधायचो आणि ड्यूटी संपली की बंब. जुना बाजार पालथा घातला, मोडीवाले पालथे घातले. शेवटी तांबट आळीत एक म्हातारा कारागीर भेटला. त्याला नुसतं वर्णन सांगितलं तर म्हणाला, साहेब, तो बंब माझ्या हातचा आहे, गेल्याच आठवड्यात एकजण मोडीत घालायला आणला होता, मी माझे ठोके ओळखले आणि त्याला परत लावला. त्यानं माणसाची खूण सांगितली. पण बंब हाती लागायला तुळशीचं लग्न उजाडलं. बाईंची दिवाळी गारठ्यातच गेली.”

“आणि पेन?”

“पेन त्यांच्याच दुसऱ्या कोटाच्या खिशात निघालं.”

आम्ही हसलो. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या नानांकडे पाहत होत्या. “म्हणजे त्या दिवाळीला तुम्ही रोज मध्यरात्री यायचा ते बंबापायी?” त्या म्हणाल्या. “पाडव्याला ओवाळायचं ताट तयार करून मी बसले होते. निरांजनातलं तूप दोनदा संपलं. मला वाटायचं, बड्या लोकांच्या पेनासाठी घरची दिवाळी घालवली यांनी. तेव्हापासून मनात राग होता माझ्या.”

“तू विचारलं नाहीस,” नाना म्हणाले.

“तुम्ही सांगितलं नाहीत!”

पडद्यावर घोट्यांची बायकोही नेमकी तेव्हा त्यांच्या उशिरा येण्यावरून रुसलेली होती. नातवाने चित्रपट थांबवला. आमच्या सौ. उठून चहा टाकायला गेल्या, आणि थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही. मग काकूच म्हणाल्या, “लाव रे पुढे. त्या पारशीबाबाचं काय होतं ते बघू दे.”

मला वाटते, या कथेचे मर्म नाना-काकूंनी माझ्यापेक्षा नेमके पकडले. मंत्र्याचा एक रुपया आणि म्हाताऱ्या सेक्रेटरीचा श्वास या दोहोंत मोठे कोणते, हा प्रश्न घोट्यांपुढे आहे. वरच्या माणसाची नजर असते ती रुपयावर; घोट्यांची राहते ती त्या श्वासावर. नानांपुढे पेन आणि बंब होते. ज्याला वरून शाबासकी मिळते ते काम आणि जे खरोखर करायला हवे ते काम, ही दोन्ही एकच असतील तर नोकरीत मजाच आहे. पण ती एक क्वचितच असतात, आणि मग त्या दुसऱ्या कामाचा वेळ काढला जातो तो घरच्यांच्या वाट्यातून. रहस्यकथा वाचताना आपण विचारतो, खुनी कोण? घोट्यांची कथा वाचताना हळूच दुसरा प्रश्न मनात येतो, हा माणूस जेवला का?

हा प्रश्न एका इंग्रजाने आपल्या मनात उभा करावा, याचे मला वाईट वाटत नाही. गुणाला गाव नसते. त्याच्या इंग्रजीला हसा, त्याने घोषचा घोटे केला याला हसा. पण त्याने आपल्या इन्स्पेक्टरला बायको दिली, पोरगा दिला, भीती दिली आणि तरीही चिकाटी दिली, याबद्दल त्याचे थोडे उपकारही माना. ज्यांना जमेल त्यांनी दिवाळीच्या सुटीत हा चित्रपट मिळवून घरच्यांबरोबर पाहावा. त्याच्या जोडीला ‘ग्रीन फॉर डेंजर’ही पाहावा, म्हणजे कॉकरिल आणि घोटे यांची भावंडासारखी ठेवण ध्यानात येईल.

आणि आणखी एक करा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके उडवून मंडळी घरी परततात, तेव्हा चौकातल्या चौकीत एखादा तरुण फौजदार बसलेला असतो. चार लाडू आणि थोडा चिवडा त्याच्याकडे पोचवा. तो बहुधा नको म्हणेल, तुम्ही आग्रह करा. त्याच्या टेबलावर कुणाचे पेन असेल आणि कुणाचा बंब, हे आपल्याला दिसत नाही. आणि त्याच्या घरी निरांजनात कुणी किती वेळा तूप घातले असेल, तेही दिसत नाही.